‘स्ट्रेफ’ : शिक्षा की हल्ला?

मंडळी, आता ‘स्ट्रेफ’ हे क्रियापद घेऊ. खालून उडणाऱ्या विमानातून मशीनगनचा मारा करणे, हा त्याचा रूढ अर्थ. मूळ जर्मन ‘श्ट्राफन’, म्हणजे शिक्षा करणे. १९१४ साली जर्मनीत घोषणा गाजली : ‘देव इंग्लंडला शिक्षा करो’. खंदकातल्या ब्रिटिश सैनिकांनी तिची टर उडवत तोच शब्द तोफांच्या माऱ्याला लावला. पुढे तो विमानांना चिकटला. आता बघा, शिक्षेआधी गुन्हा सिद्ध व्हावा लागतो, हल्ल्याला ती अट नाही. इंग्रजीत शब्दातली शिक्षा गळाली, नुसता मारा उरला. आम्हाला हे अधिक प्रामाणिक वाटते. आपण मात्र अजून हल्ल्यालाच ‘धडा शिकवला’ म्हणतो. न्याय कुणी केला, हे विचारायचे राहूनच जाते.