पॅक-मॅन आणि भुतांची वरात

'पॅक-मॅन' माहीत नाही असा माणूस आपल्या वयाच्या मंडळींत विरळाच. पिवळा, गोल, तोंड उघडं टाकून पळणारा गडी, वाटेत ठिपके आणि मागे चार भुतं. तोरू इवातानी या जपानी तरुणाने नामको कंपनीसाठी १९८० साली तो तयार केला. त्या काळी पार्लरमधल्या खेळांत गोळीबाराचाच सुळसुळाट. मुलींनीही तिथे यावं म्हणून या गृहस्थाने विषय निवडला तो खाण्याचा! मचमच खाण्याला जपानीत 'पाकु पाकु' म्हणतात, त्यावरून हे नाव. आपल्याकडे तो पार्लरमधून आणि पुढे टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटमधून घरोघरी पोचला.

याच खेळाच्या नव्या आवृत्त्या आम्ही घरी लागोपाठ खेळून पाहिल्या. इंटरनॅशनल सिटीतली बहुतेक घरं स्टुडिओ नाहीतर एका बेडरूमची, टीव्ही एकच, त्यामुळे बाप काय खेळतो हे लेकीला बघावंच लागतं. (आणि इथे राहणाऱ्याला भूलभुलैयाचं वेगळं शिक्षण लागत नाही. पर्शिया, इंग्लंड, फ्रान्स अशी देशांची नावं दिलेल्या वस्त्या, आणि एकेका वस्तीतल्या इमारती म्हणजे जुळ्या बहिणी. नवा पाहुणा दोन चकरा मारून फोन करतोच.)

मूळ खेळ अकरा वर्षांच्या कन्येने दहा मिनिटं खेळला आणि विचारलं, "बाबा, पुढे काय येतं?" म्हटलं, "हेच, जरा जास्त वेगात." तिने कंट्रोलर खाली ठेवला. तिची तक्रार रास्त आहे. नकाशा एकच, २४० छोटे ठिपके, ४ मोठे, संपले की पुन्हा तेच. जाणकारांनी तर वाटा पाठच करून टाकल्या, कारण भुतं मनाला येईल तशी धावत नाहीत.

पण खेळाचा जीव या भुतांतच आहे, हे नवं काही करू पाहणाऱ्याने आधी ओळखायला हवं. लाल ब्लिंकी थेट पाठलाग करतो. गुलाबी पिंकी तुमच्या तोंडासमोरची चार घरं पुढची जागा हेरून तिकडे निघते, म्हणजे वाट अडवते. निळसर इंकी तुमची आणि ब्लिंकीची जागा जुळवून आपला नेम ठरवतो. आणि नारिंगी क्लाइड? दुरून धावत येतो, आठ घरांच्या आत आला की घाबरल्यासारखा आपल्या कोपऱ्याकडे वळतो. प्रत्येक गल्लीत असे अनेक कुटुंबांत हे चार स्वभाव सापडतील! शिवाय अधूनमधून चौघंही पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्याकडे जातात, तेवढीच उसंत. चार सोप्या नियमांतून आपल्याला वाटतं, यांनी कट केलाय. ही भीती गेली की उरतो तो ठिपके टिपण्याचा उद्योग.

नूतनीकरणाचा उत्तम नमुना म्हणजे २००७ ची 'चॅम्पियनशिप एडिशन'. ती खुद्द इवातानींनीच केली. त्यांनी नकाशा रुंद पडद्याएवढा पसरला आणि मधोमध दोन भाग केले. एका बाजूचे ठिपके संपले की दुसऱ्या बाजूला फळ येतं. ते खाल्लं की रिकाम्या बाजूला नवी मांडणी उगवते. पाच मिनिटांची वेळ आणि वाढत जाणारा वेग. 'पुढे काय येतं' याचं उत्तर दर अर्ध्या मिनिटाला मिळतं, आणि भुताला शिवलात तर जीव जातोच. बदललं ते सगळं कंटाळ्याच्या बाजूचं, भीतीला हात लावला नाही.

२०१० ची 'डीएक्स' समीक्षकांनी डोक्यावर घेतली. माझं मत वेगळं आहे. तिच्यात ठिकठिकाणी भुतं झोपलेली असतात. जवळून गेलात की जागी होऊन मागे रांग धरतात. तीस-तीस भुतांची वरात घेऊन फिरायचं आणि मोठा ठिपका मिळाला की वळून सगळ्यांना एकापाठोपाठ गिळायचं. दिसायला बहार! पण रांगेतल्या भुताला स्वभाव कुठला? त्यात आणखी, भूत अगदी अंगावर आलं की खेळच संथ होतो, आणि हाताशी बॉम्ब असतो, तो फोडला की भुतं मधल्या घरात परत. संकट यायच्या आधीच सुटकेची सोय. २०१६ च्या 'चॅम्पियनशिप एडिशन २' मध्ये तर भुताला एकदा धडकलं तरी काही होत नाही. वारंवार छेडलंत तरच ते चिडतं. तिच्यावर याहून जास्त शाई खर्चायची नाही.

फोनवरचा 'पॅक-मॅन २५६' (२०१५) मात्र अस्सल. मूळ खेळात २५६ व्या पातळीला पोचलं की यंत्राचा आठ बिटांचा हिशेब कोलमडतो आणि अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरतो. त्याच बिघाडाला ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या चमूने शत्रू केलं: नकाशा वर वर अखंड वाढतो, आणि खालून तो कचरा सगळं गिळत येतो. भुतांना पुन्हा रंगागणिक वेगळी चाल आहे.

'कट्यार काळजात घुसली' १९६७ मध्ये रंगभूमीवर आलं, २०१५ मध्ये पडद्यावर. गाणी नवी घातली, कथा फिरवली, पण दोन घराण्यांची स्पर्धा तशीच राहिली, म्हणून शास्त्रीय संगीत न ऐकणारी पोरंही थिएटरात बसली. ती स्पर्धाच सौम्य केली असती तर? 'डीएक्स'मध्ये नेमकं तेच झालंय, असं मला वाटतं.

माझ्या बाजूने एक पुरावा देतो. २००७ च्या त्याच आवृत्तीचं २०२० मध्ये जुन्या आठ बिटी यंत्राच्या ऐपतीत बसणारं रूप निघालं, 'नामको म्युझियम आर्काइव्ह्ज'च्या पहिल्या संचात. झगमगाट नाही, रंग मोजके, आवाज टिकटिक करणारे. तरी खेळ तसाच अंगावर येतो. 'डीएक्स'चे दिवे आणि ठेका असे काढून घेतले, तर त्या वरातीत कितपत जीव उरेल याची मला शंका आहे.

कन्येला हे मान्य नाही. तिच्या मते वरात हीच खरी मजा, आणि संथ झाल्यावर नेमकं कुठे वळायचं हे ठरवणं हेही कौशल्यच. तिचा हा दुसरा मुद्दा मला अजून पुरता खोडता आलेला नाही.