ताण येतो कुठून? फॉरेन्सिक लॅबवरचा एक पेपर वाचताना

पेपर चिकित्सक नजरेनं वाचायचा म्हणजे नक्की काय करायचं, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आज एकच पेपर घेऊ: अल्माझरूई, ड्रॉर आणि मॉर्गन यांचा २०२० चा. एका प्रयोगशाळेतल्या १५० फॉरेन्सिक तज्ज्ञांना त्यांनी कामाच्या ताणाबद्दल विचारलं.

पेपरची मला आवडलेली गोष्ट आधी सांगतो. घरचा ताण आणि कामाचा ताण त्यांनी वेगळा केला. उत्तर आलं की जास्तीचा ताण कामातूनच येतो: वरिष्ठ, साचलेली प्रकरणं, जास्त केसेस उरकण्याचा दबाव. म्हणजे योगशिबिर भरवून मनोबल वाढवू म्हणणाऱ्यांनी आधी कपाटातल्या सीलबंद बरण्या मोजाव्यात!

आपल्याकडचं चित्र डोळ्यांसमोर आणा. दिंद्रुडसारख्या गावात कीटकनाशकानं मृत्यू झाल्याचा संशय असतो. डॉक्टर मृत्यूचं कारण राखून ठेवतात, व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात सील होतो, आणि पोलीस तो प्रयोगशाळेत नेऊन देतात. इकडे घरच्यांचा विम्याचा दावा ‘सीए रिपोर्ट’वर अडकतो. तिकडे विश्लेषकाच्या टेबलावर ती बरी होऊ शकणाऱ्या माणसाची फाईल नसते, नुसता एक नंबर असतो. त्यात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नं सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी फॉरेन्सिक तज्ज्ञ जाणं बंधनकारक केलंय. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. काम वाढणार, हे उघड आहे.

आता खटकणारं. ८ टक्के तज्ज्ञांना कधीकधी जाणवलं की आपल्याकडून अमुकच निष्कर्ष अपेक्षित आहे. पेपर त्यांना ‘थोडे’ म्हणतो. १५० पैकी ८ टक्के म्हणजे १२ माणसं, आणि त्या प्रत्येकाच्या सहीनं किती अहवाल बाहेर पडत असतील? मला तरी हे थोडे वाटत नाहीत. पण उलटी उडीही मारू नका. सर्वेक्षणानं जाणीव मोजली, चुकलेले अहवाल नाही मोजले. ‘ताणामुळे निकाल चुकतात’ असं लिहून या पेपरचा संदर्भ दिलात तर गाईड लाल शाईनं खोडतील, आणि बरोबरच करतील. शिवाय प्रयोगशाळा एकच. नोकरी सोडून गेलेले तर अशा यादीत येतच नाहीत.

महाराष्ट्रात असाच अभ्यास करायचा झाला तर अडचण वेगळीच येईल. संचालनालय गृहविभागाखाली, परवानगी वरूनच घ्यावी लागणार. प्रादेशिक प्रयोगशाळेतल्या एखाद्या छोट्या विभागात पद, वय आणि नोकरीची वर्षं हे तीन रकाने भरले की नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. मग ‘वरिष्ठांचा त्रास होतो का?’ या प्रश्नाला तो काय उत्तर देईल, सांगा. प्रश्नावली छापण्याआधी यातला कुठला रकाना काढता येतो ते बघा.