दहाच्या काट्यानंतरचे राग

या मालेत आपण आतापर्यंत पुस्तकं आणि नाटकं घेतली. आज संगीत महोत्सव घेऊ, कारण त्याचीही समीक्षा व्हायला हवी आणि ती फारशी होत नाही. वर्तमानपत्रात येतो तो हजेरीपट: अमुक यांनी पूरिया धनाश्री गायला, तबल्यावर तमुक, श्रोते मंत्रमुग्ध. रोज तेच 'मंत्रमुग्ध'! एवढे मुग्ध होतात तर मध्येच उठून वडापावच्या रांगेत कोण असतं?

आम्ही हे चेष्टेत म्हणत नाही. ती रांगसुद्धा महोत्सवाचाच भाग आहे. डिसेंबर आला की जालन्यातली बरीच मंडळी रजा टाकून, पुण्यातल्या भाच्याकडे किंवा जुन्या मित्राकडे पथारी टाकून 'सवाई'ला जातात. पाच दिवसांचं गाणं आणि जाण्यायेण्याचे दोन, म्हणजे आठवडाच. त्यात मिसळ आली, मफलर आले, वर्षातून एकदाच भेटणारे लोक आले. आता या आठवड्याला चांगलं-वाईट कशावरून म्हणायचं?

थोडं मागे जाऊ. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. ते 1952 साली गेले आणि 1953 पासून शिष्य भीमसेन जोशी आणि आर्य संगीत प्रसारक मंडळ यांनी पुण्यात हा उत्सव धरला. भीमसेनजी 2011 मध्ये गेल्यावर त्यांचंही नाव त्याला जोडलं गेलं. पण मुळात ही गुरूची पुण्यतिथी. पूर्वी हा उत्सव तीन रात्रींचा असायचा. रात्र चढायची, दरबारी, मालकंस व्हायचे, आणि उजाडता उजाडता शेवटी भीमसेनजी बसायचे. थंडीत घोंगडी पांघरून लोक थांबायचे ते त्या पहाटेसाठी.

मग ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देता येते, तेवढीच. नियम वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. ज्याच्या खिडकीखाली लग्नाचा डीजे वाजतो त्याला विचारा! पण गाण्याचं काय झालं ते नीट बघायला हवं. कार्यक्रम दुपारवर सरकला. मुलतानी, पटदीप, मधुवंती, मारवा यांना चांगले दिवस आले. उत्तररात्रीचे राग मात्र मोठ्या मांडवातून जवळजवळ उठून गेले. आजचा विशीतला श्रोता अडाणा त्याच्या वेळेला, समोर बसून, क्वचितच ऐकतो. पहाटेचा ललित त्याला मोबाईलवर भेटतो, तोही बसमध्ये.

दुसरं नुकसान सोबतीचं झालं. रात्रभर शेजारी बसलेला माणूस पहाटे ओळखीचा झालेला असतो. दोनच्या चहाला त्याच्याशी जो वाद होतो, विलंबित जरा जास्तच ताणलं का, पंचम नीट लागला का, तीच खरी समीक्षा. दहाला मांडव रिकामा होतो तेव्हा लोक रिक्षा शोधत असतात. खाणं वाढलं, गप्पा वाढल्या, सेल्फी तर विचारूच नका; पण गाण्यावरचं भांडण कमी झालं. आमच्या मते आजच्या महोत्सवातली ही मोठी उणीव आहे, आणि तिचा दोष एकट्या आयोजकांवर टाकता येत नाही.

आता घराकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात अंबडला दत्तजयंतीचा संगीत महोत्सव आहे, गायनाचार्य गोविंदराव जळगावकरांच्या नावाशी जोडलेला, कित्येक दशकांचा. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे बहुधा डिसेंबरातच. जालन्याहून अंबड ते किती लांब! पुण्याची रजा महिनाभर आधी टाकणाऱ्या आपल्यातल्या किती जणांनी अंबडची एक तरी बैठक पुरी ऐकली आहे? हात वर करायला सांगत नाही, घाबरू नका.

अंबडला पुणे करा, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. मोठा मांडव, मोठे पडदे, खाण्याचे स्टॉल हे आणून काही साधणार नाही. सवाई गंधर्वांच्या स्वतःच्या गावी, धारवाड जिल्ह्यातल्या कुंदगोळला, नाडगीर वाड्यातही त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. एका वाड्यात मावेल एवढा तो श्रोता, आणि मोठमोठे गायक तिथे हौसेनं गाऊन गेले. लहानपणाची ही ताकद आहे. गायकाला समोरच्याची मान हललेली दिसते, आणि नाही हललेली त्याहून जास्त दिसते.

आणि नियमातच एक गोष्ट आहे. ती दहाची अट बंद सभागृहातल्या, आतल्या आत राहणाऱ्या आवाजाला नाही. दीडशे माणसांची बंदिस्त जागा, जमल्यास ध्वनिक्षेपकाविना, रात्री नऊला सुरू होऊन भैरवीला संपणारी एक तरी बैठक मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी होऊ शकते. पुण्याच्या उघड्या मैदानाला ते जमणं अवघड. हुरड्याचे दिवस जवळ असतात, शेत कुणा ना कुणाचं असतंच. सकाळी आगटीभोवती बसून लसणाच्या चटणीबरोबर रात्रीच्या मालकंसावर भांडता येईल. गायक बोलावण्याइतकेच श्रोते जमवावे लागतील. ते काम जास्त कठीण आहे, कारण श्रोत्याला मानधन नसतं.

प्रश्नोत्तरांना वेळ ठेवला आहे. सवाईचे नेमाने वारकरी असतील त्यांनी आधी बोलावं, आमच्यावर राग असेल तर तोही काढावा.