खेळातली बंदूक आणि वर्गातली मारामारी

नामपूरच्या एका शिक्षकांनी आम्हांला विचारले, “आठवीतल्या मुलाने सोबत्याच्या डोक्यात लाकडी पट्टी मारली. तो मोबाइलवर पबजी खेळतो. सगळे म्हणतात, खेळामुळेच झाले. विज्ञान काय म्हणते?”

हाच दावा २०१९ च्या सुरुवातीस मुंबई उच्च न्यायालयातही गेला होता. अकरा वर्षांच्या एका मुलाच्या वतीने जनहित याचिका झाली. पबजीमुळे हिंसा व आक्रमकता वाढते, म्हणून बंदी घालावी, अशी मागणी होती. काळजी रास्त होती. प्रश्न पुराव्याचा आहे.

पहिली अडचण सहसंबंधाची. चैत्र-वैशाखात नामपूरच्या रस्त्याला रसवंत्या लागतात आणि मळ्यांतल्या विहिरी आटतात. रसवंतीने विहीर आटवली असे आपण म्हणत नाही; दोन्हींमागे उन्हाळा असतो. मुलगे मुलींपेक्षा असे खेळ जास्त खेळतात आणि मारामाऱ्याही जास्त करतात. हा फरक हिशेबात न धरता खेळाला दोषी ठरवणे म्हणजे रसवंतीला दोष देणे होय.

दुसरी अडचण मोजमापाची. प्रयोगशाळेत कोणाला खरोखर मारू देता येत नाही. म्हणून अनेक प्रयोगांत, खेळानंतर माणूस प्रतिस्पर्ध्याला किती मोठा कर्कश आवाज ऐकवतो, यावरून आक्रमकता मोजली गेली. बटण दाबणे आणि डोके फोडणे यांत बरेच अंतर आहे.

मग दीर्घकालीन अभ्यास काय सांगतात? २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी २४ अभ्यासांतील १७,००० हून अधिक मुलामुलींची माहिती एकत्र केली. मुलाची आधीची आक्रमकता आणि इतर घटकही हिशेबात धरल्यावर संबंध उरला, पण गुणांक सुमारे ०.०८ होता. त्याचा वर्ग केला की ढोबळ अंदाज मिळतो: मुलामुलांतील फरकाचा एक टक्काही यातून उलगडत नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये १४-१५ वर्षांच्या १,००४ मुलांचा अभ्यास झाला. विश्लेषणाची पद्धत आधीच जाहीर केली होती आणि मुलाच्या आक्रमकतेबद्दल पालकांना विचारले होते. त्यात संबंध आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये म्हटले की, ओरडणे-ढकलणे यांच्याशी लहानसा संबंध दिसतो. गंभीर हिंसेशी जोडण्यास पुरावा अपुरा आहे.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीवर बंदी घातली, तीही देशाच्या सुरक्षिततेच्या कारणावरून. बंदीनंतर शाळेतल्या मारामाऱ्या थांबल्या, असे कोणी म्हणेल तर ते खरेच आहे. कोविडमुळे तेव्हा शाळाच बंद होत्या!

याचा अर्थ रात्री दोनपर्यंत खेळू द्यावे असा नाही. झोप आणि अभ्यास बुडतो, तेवढे कारण पुरेसे आहे.

त्या शिक्षकांना आम्ही उलट विचारले, “भांडण कशावरून झाले?” आठवड्याने त्यांनी कळवले, तो सोबती मुलाला वर्षभर वडिलांच्या व्यसनावरून चिडवत होता. एका उदाहरणावरून आम्ही सिद्धान्त मांडणार नाही. एवढे मात्र खरे की, मोबाइल काढून घेतला असता तर सर्वांचे समाधान झाले असते, आणि चिडवणे तसेच चालू राहिले असते.