सेवेची उचल : ठाणे जिल्ह्यातील आदिवासी मूल आणि मिशनरी लेखन

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्व कडेचे दोन तालुके. मुंबईची तहान भागविणारी तानसा (१८९२) आणि भातसा ही धरणे शहापूरच्या भूमीत आहेत. मात्र याच तालुक्यातील अनेक पाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. म ठाकूर, क ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या जमातींची वस्ती दोन्ही तालुक्यांत आहे. त्यांपैकी कातकऱ्यांची गणना महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींत होते. खैराच्या झाडापासून कात काढणे हा त्यांचा मूळ व्यवसाय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १८७८ च्या वन कायद्यानंतर, जंगल राखीव होत गेले आणि हा व्यवसाय हातचा गेला. आज दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात घेतलेली 'उचल' फेडण्यासाठी हे जाणे असते. मुलेही बरोबर जातात आणि शाळेच्या हजेरीपटावरील त्यांची नावे तेवढी गावात राहतात.

अशा कुटुंबाच्या दारी जो कोणी औषध, कपडा, वसतिगृह वा पाटी-पुस्तक घेऊन येतो, त्याच्या कार्याला एका बाजूने 'सेवा' व दुसऱ्या बाजूने 'आमिष' म्हटले जाते. ख्रिस्ती मिशनरी कार्याविषयीची मराठीतील चर्चा बहुतांशी या दोन शब्दांतच अडकून पडली आहे. दोन्ही शब्द देणाऱ्याच्या हेतूविषयी बोलतात. घेणाऱ्याविषयी, त्यातही घेणाऱ्या मुलाविषयी, ते काहीच सांगत नाहीत. प्रस्तुत लेखात काही प्रातिनिधिक लेखनाचा विचार याच दृष्टीने केला आहे. हेतू शुद्ध होता की नाही, या प्रश्नापेक्षा त्या लेखनात घेणाऱ्याला बोलू दिले आहे काय, व नकार देण्याइतकी जागा त्याला ठेवली आहे काय, हा प्रश्न येथे महत्त्वाचा मानला आहे.

स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. त्यांच्या शाळेतूनच पुढे विल्सन महाविद्यालय उभे राहिले. उत्तर कोकणातील वारली व कातोडी या दोन वनवासी जमातींविषयी त्यांनी लिहिलेला लेख १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील प्रदेश मुख्यतः आजच्या पालघर जिल्ह्याच्या बाजूचा आहे; १ ऑगस्ट २०१४ रोजी तो वेगळा होईपर्यंत हा सारा भाग ठाणे जिल्ह्यातच मोडत होता. पुढील काळातील प्रशासकीय व मानववंशशास्त्रीय लेखनाच्या दृष्टीनेही हा आरंभीचा दस्तऐवज आहे. त्यातील सर्वांत लक्षणीय भाग म्हणजे वारल्यांशी झालेली प्रश्नोत्तरे. प्रश्न धर्मोपदेशकाचे आहेत आणि ते ठरावीक क्रमाने येतात : देव कोणता, त्याचे रूप काय, त्याला काय देता, तो काय देतो. उत्तरे मात्र प्रश्नकर्त्याच्या अपेक्षेबाहेरची आहेत. वारली वाघ्याविषयी सांगतात. त्याला कोंबडे-बकरे देतो, नारळ फोडतो. तो वाघापासून राखतो, पीक देतो, रोगराई दूर ठेवतो. आणि त्याने तसे केले नाही तर? मग आम्ही त्याला फैलावर घेतो, कोंबडे खाल्लेस, बकरा खाल्लास, तरी आम्हालाच मारतोस काय, असे विचारतो, या आशयाचे उत्तर तेथे नोंदलेले आहे.

विल्सन यांच्या दृष्टीने हा अज्ञानाचा पुरावा होता. आजच्या वाचकाला त्यात निराळेच काही दिसते. वारल्याचा देवाशी असलेला व्यवहार उघडा आहे. काय दिले आणि काय मिळावयाचे हे दोन्ही पक्षांना ठाऊक आहे. करार मोडला तर देवालाही जाब विचारता येतो. याउलट सेवाकार्यातील व्यवहारात परतफेडीची अट कोठे उच्चारलेलीच नसते, आणि जी अट उच्चारलेली नाही तिच्याविषयी जाब विचारता येत नाही. शाळा, दवाखाना, दुष्काळातील धान्य हे सारे निरपेक्ष म्हणून दिले जाते. घेणाऱ्याच्या मनावर मात्र उपकाराचे ओझे राहते, आणि ते कसे उतरवावयाचे हे त्याचे त्यालाच कळते. वीटभट्टीच्या मालकाची उचल निदान वहीत लिहिलेली असते. विल्सन यांचे श्रेय असे की, त्यांनी ही उत्तरे गाळली नाहीत वा सभ्य करून घेतली नाहीत. पुढच्या अनेक मिशन-वृत्तांतांतील कृतज्ञ, हात जोडलेला आदिवासी त्यांच्या लेखात नाही. त्या लेखातला वारली देवाशी भांडतो, आणि धर्मोपदेशकाच्या प्रश्नाला वाकून उत्तर देत नाही.

मुलांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण मूल असे भांडू शकत नाही. या संदर्भात पंडिता रमाबाईंच्या कार्याकडे वळणे अपरिहार्य ठरते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवांना आणले आणि केडगाव येथील शेतावर 'मुक्ती'ची उभारणी झाली. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. रमाबाई स्वतः दुष्काळाने पोरक्या केलेल्या होत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण यांना त्यांनी १८७० च्या दशकात भुकेने व त्यातून आलेल्या आजाराने गमावले होते. त्यामुळे केडगावच्या कार्याला केवळ 'धर्मप्रसाराचे साधन' म्हणून बाजूला सारणे हा अभ्यासाचा आळस होय. ज्यांना समाजाने, नातेवाइकांनी आणि सरकारनेही रस्त्यावर सोडले होते त्यांना तेथे अन्न मिळाले, अक्षर मिळाले आणि विणकामापासून छपाईपर्यंतचे हुन्नर मिळाले.

तथापि एक ताण या कार्यात आहे, आणि तो रमाबाईंच्याच लेखनाने दाखवून दिला आहे. १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात रमाबाई सतत प्रश्न विचारतात, त्रैक्याच्या सिद्धान्तावर शंका घेतात, आणि एका पुरोहितवर्गाचे जोखड टाकून दुसऱ्याचे मानेवर घेण्यास ठाम नकार देतात. आपल्या सद्सद्विवेकाचा अधिकार चर्चच्या आज्ञेपुढेही न सोडणारी ही स्त्री होती. मग तिच्या छायेखाली आलेल्या, भुकेने अर्धमेल्या झालेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलीला तो अधिकार कितपत होता? शारदा सदनाच्या संदर्भात १८९३ मध्ये नेमका हाच वाद उभा राहिला. न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सहानुभूतीदार सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि 'केसरी'ने टीकेचा भडिमार केला. 'केसरी'च्या टीकेत विधवेच्या मुक्तीविषयीची आस्था शोधूनही सापडत नाही, हे खरे. पण टीकाकाराचा हेतू संशयास्पद असल्यामुळे प्रश्न खोटा ठरत नाही. केडगावच्या मुलींचा आवाज बहुधा संस्थेच्या निवेदनांतूनच ऐकू येतो आणि त्या निवेदनांचा वाचक परदेशी देणगीदार होता. निवेदन कोणासाठी लिहिले आहे, यावर त्यातील मूल काय बोलेल हे ठरते.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४ ते १९३६) या साऱ्या लेखनाहून वेगळी पडतात. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये. ही मधली पाच वर्षे हाच या ग्रंथाचा गाभा मानावयास हवा. पती बदलला म्हणून पत्नी बदलली नाही. सोवळे-ओवळे, पाण्याचा विटाळ, स्वयंपाकघरातील शिवाशिव यांच्याशी झगडत, रडत, मध्येच स्वतःला हसत त्या आपल्या गतीने पुढे गेल्या. धर्मांतर म्हणजे एका दिवसाचा विधी नव्हे, तर हातांच्या सवयी बदलण्याचे दीर्घ काम, ही गोष्ट मराठीत इतक्या साधेपणाने दुसऱ्या कोणी सांगितलेली नाही. मिशनच्या आवारातील माणसे, तेथले मानापमान, पगार आणि दारिद्र्य यांकडेही त्या त्याच मिश्किल नजरेने पाहतात. स्वतः टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला, यावरून मिशनच्या चौकटीत भारतीय ख्रिस्ती माणसाची होणारी घुसमट ध्यानात येते. परंतु येथेही एक मर्यादा आहे. लक्ष्मीबाईंना पाच वर्षे थांबता आले, कारण त्यांना माहेर होते, आप्त होते आणि जातीने दिलेली एक प्रतिष्ठा होती. कातकरी आईला पाच दिवसही थांबता येत नाही. मुलाचा ताप त्याच रात्री उतरावा लागतो.

मिशनरी लेखनाकडून ठाणे जिल्ह्यातील अन्य सेवालेखनाकडे वळल्यास हा प्रश्न केवळ एका धर्माचा नाही हे स्पष्ट होते. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०, साहित्य अकादमी पुरस्कार १९७२) हे वारल्यांच्या उठावाचे थोर पुस्तक. लग्नाच्या कर्जापोटी नवरा-बायकोने सावकाराकडे राबण्याची लग्नगड्याची पद्धत आणि वेठ यांचे त्यातील वर्णन आजही अंगावर येते. मात्र शीर्षकातच एक गृहीत आहे. माणूस जागा होतो, म्हणजे तोवर तो झोपलेला होता. धर्मोपदेशकाच्या भाषेतील अंधार व प्रकाश यांच्या जागी येथे झोप व जाग आली आहे. देवाला जाब विचारणारा विल्सन यांचा वारली झोपेत होता असे म्हणणे कठीण आहे. त्याला सावकाराला जाब विचारण्याची संधी व संघटना नव्हती, इतकेच. ग्रंथातील उत्तम प्रकरणे हे शीर्षक खोडून काढतात, हे येथे नमूद करावयास हवे. त्यांत वारली स्वतः निर्णय घेतात आणि नेतृत्वाच्याही पुढे जातात.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व १९५७ नंतर कोसबाड येथे केलेले काम या चर्चेत निराळ्या कारणासाठी मोलाचे आहे. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच अंगणात नेली. गुरे राखणारी मुले अंगणातही येईनात, तेव्हा ती कुरणात नेली आणि 'कुरणशाळा' जन्माला आली. 'कोसबाडच्या टेकडीवरून' या अनुताईंच्या लेखनात मुलाचे न येणे हे त्याच्या आळसाचे वा अज्ञानाचे लक्षण म्हणून येत नाही. तो त्याने दिलेला नकार आहे, आणि त्या नकाराला मान देऊन संस्थेने आपले रूप बदलले आहे. सेवालेखनात ही घटना दुर्मिळ होय. येथेही सोवळ्या भाषेचा, स्वच्छतेच्या आग्रहाचा संस्कारवाद डोकावतो, परंतु त्या पाठीमागे मुलाचे उत्तर ऐकण्याची तयारी आहे.

कायद्याने या प्रश्नाला काही अंशी हात घातला आहे. सरकारी मान्यता वा अनुदान असलेल्या संस्थेत धार्मिक शिक्षणास वा उपासनेस हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असल्यास पालकाची संमती लागते, असे संविधानाचा अनुच्छेद २८(३) सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्ह. स्टॅनिस्लॉस खटल्यात, धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्वाळा दिला. दुसरीकडे, धर्म बदलल्याने अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही. अनुसूचित जातींच्या बाबतीत मात्र १९५० चा आदेश हिंदू, शीख (१९५६ पासून) व बौद्ध (१९९० पासून) यांपुरताच मर्यादित आहे. शहापूरचा ठाकूर चर्चमध्ये गेला तरी ठाकूरच राहतो. त्यामुळे त्याच्या निर्णयाची चर्चा सवलतींच्या हिशेबात उरकता येत नाही, हे टीकाकारांनीही लक्षात घ्यावयास हवे. अडचण उरते ती 'पालकाची संमती' या शब्दांची. वीटभट्टीवर सहा-सात महिने राहणारा बाप वसतिगृहाच्या अर्जावर अंगठा उठवितो, तेव्हा तो कशाला संमती देतो? दोन वेळच्या जेवणाला, शिक्षणाला, की सकाळच्या प्रार्थनेलाही? आणि ती प्रार्थना कोणत्याही धर्माची वा राष्ट्राची असली तरी हा प्रश्न तसाच राहतो. आदिवासी मुलांसाठी वसतिगृहे चर्चने काढली, हिंदुत्वनिष्ठ संघटनांनी काढली, सरकारने आश्रमशाळा काढल्या. अंगठा सर्वत्र एकच आहे.

या पार्श्वभूमीवर वसई-भिवंडी पट्ट्यात विधायक संसद या संस्थेने चालविलेल्या भोंगा शाळांचा उल्लेख आवश्यक ठरतो. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराची तात्पुरती झोपडी. कुरणशाळेप्रमाणेच येथे शाळा मुलाच्या मागे गेली. आईबापांपासून मूल तोडावे लागले नाही आणि वसतिगृहाच्या अर्जावर अंगठाही नको होता. वेठबिगार मुक्तीच्या चळवळीतून हे काम उभे राहिले असल्याने उचलीची वही आणि शाळेची पाटी यांचा संबंध तेथे कोणाला समजावून सांगावा लागला नाही. भोंग्यात शिकलेली मुले आता प्रौढ झाली आहेत. मिशनच्या वसतिगृहांतून आणि आश्रमशाळांतून बाहेर पडलेली शहापूर-मुरबाडची मुलेही आज शिक्षक, परिचारिका, शिपाई, कारकून म्हणून याच परिसरात वावरतात, आणि त्यांपैकी काही ग्रामीण महाविद्यालयांच्या वर्गांतही बसलेली असतात. विल्सन यांनी १८४३ मध्ये विचारलेल्या प्रश्नांची पुढची उत्तरे त्यांच्याजवळ आहेत, आणि ती लिहून घेण्यासाठी लंडनच्या नियतकालिकाची गरज नाही.