‘फायनल डूम’ : एका पुरवणीचें परीक्षण

एखादा ग्रंथ लोकप्रिय झाला कीं त्याची पुरवणी निघते, आणि पुरवणी वाचून संपली म्हणजे मूळ ग्रंथच पुन्हां वाचावासा वाटतो, असा बहुतेकांचा अनुभव आहे. संगणकावरील खेळांसहि हा नियम सहसा लागू पडतो. खेळ गाजला, तेव्हां त्याच सामग्रीच्या आणखी कांहीं पातळ्या रचून विकाव्या, हा व्यवहार बाजाराचा. कलेशीं त्याचा संबंध थोडा. १९९६ सालीं बाहेर पडलेल्या ‘फायनल डूम’ या संग्रहाचा विचार येथें करावयाचा तो त्याचा निम्मा भाग या नियमास अपवाद आहे म्हणून.

‘डूम’ हा खेळ टेक्सासमधील इड सॉफ्टवेअर या मंडळीनें १९९३ च्या डिसेंबरांत काढला. खेळणारा सैनिकाच्याच डोळ्यांनीं पाहतो. हातांत बंदूक, समोर दालनें व बोळ, आणि त्यांत नरकांतून आलेले राक्षस. पुढल्या वर्षीं ‘डूम २’ आला. या खेळांच्या घडणींत एक गोष्ट फार दूरदृष्टीची होती. खेळ चालविणारी यंत्रणा एकीकडे, आणि नकाशे, चित्रें, आवाज हीं दुसरीकडे निराळ्या फायलींत, अशी वांटणी कर्त्यांनीं केली होती. त्यामुळें कोणाहि हौशी माणसास आपला नकाशा रचून त्यांत बसवितां येऊं लागला, आणि इंटरनेटवर अशा नकाशांचा पूर लोटला. ‘फायनल डूम’ हें या हौशी लोकांचेंच अपत्य होय. त्यांत बत्तीस-बत्तीस पातळ्यांचे दोन संग्रह आहेत : ‘ईव्हिल्यूशन’ हा ‘टीमटीएनटी’ नांवाच्या मंडळाचा, आणि ‘प्लूटोनिया एक्स्पेरिमेंट’ हा डारिओ व मायलो कॅसाली या दोघां बंधूंचा. पहिला संग्रह मुळांत फुकट वांटला जावयाचा होता. तो प्रसिद्ध होण्याच्या बेतांत असतांनाच इड सॉफ्टवेअरनें विकत घेतला. वाट पाहत बसलेल्या कित्येकांस हें रुचलें नाहीं. रचणारांस श्रमाचें मोल मिळालें ही गोष्ट चांगलीच. परंतु देऊं केलेली भेट दुकानांत मांडलेली दिसली म्हणजे माणूस चिडतो, आणि तो चिडला म्हणून त्यास दोष देतां येत नाहीं.

दोन्ही संग्रहांत नवें शस्त्र नाहीं, नवा राक्षस नाहीं. गोष्ट तर इतकी पातळ आहे कीं ती न वाचतां पुढें गेल्यास कांहींच बिघडत नाहीं. आपल्याकडे समस्यापूर्ति म्हणून एक प्रकार होता; शेवटचा चरण दुसऱ्याचा, पहिले तीन आपले. कवीची परीक्षा तेथें व्हावयाची ती याच बंधनामुळें. ‘फायनल डूम’च्या कर्त्यांपुढें हीच समस्या होती, आणि दोन मंडळींनीं ती दोन प्रकारें सोडविली.

‘ईव्हिल्यूशन’विषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं. त्यास स्वतःचें नवें संगीत आहे, भिंतींचीं कांहीं चित्रें नवीं आहेत, आणि ‘वर्महोल’ या पातळींत एकच ठाणें एका अदृश्य दारापलीकडे पुन्हां भेटतें, ही कल्पना खरोखर सुंदर आहे. पण ‘माउंट पेन’सारख्या ठिकाणीं विस्तार म्हणजेच वैभव असा रचणाराचा समज झालेला दिसतो, चालून चालून पाय दुखतात आणि मन रिकामें राहतें. पुष्कळ हातांनीं केलेलें काम तें, त्यांत एक दृष्टि कोठून यावी? ‘फॅरो’ नांवाच्या गुप्त पातळींत तर पिवळी किल्ली केवळ अनेकांनीं मिळून खेळावयाच्या प्रकारांतच दिसावी अशी चूक राहून गेली, आणि एकट्या खेळणारास ती पातळी सरळ मार्गानें पुरी करणें अशक्य झालें. विकत दिलेल्या वस्तूंत ही हयगय क्षम्य नाहीं.

‘प्लूटोनिया’ची जात वेगळी. ‘डूम २’मध्यें आर्च-व्हाइल नांवाचा एक राक्षस आहे. तो मेलेल्या राक्षसांस पुन्हां उठवितो, आणि हात वर करून खेळणाराभोंवतीं ज्वाळा पेटवितो. त्या ज्वाळांचा घाव क्षणभर थांबून बसतो. तेवढ्यांत भिंतीआड गेलें तर माणूस वांचतो. मूळ खेळांत हा राक्षस कधींमधीं भेटे. कॅसाली बंधूंनीं त्याचा स्वभाव ओळखला. ज्या शत्रूपासून आडोसाच वांचवितो, त्या शत्रूमुळें प्रत्येक खांबास, प्रत्येक वळणास अर्थ येतो, हें त्यांच्या ध्यानीं आलें. ‘हंटेड’ या पातळींत त्यांनीं एक भूलभुलैया बांधून तींत अनेक आर्च-व्हाइल मोकळे सोडले आहेत. कोपरा हाच आसरा, आणि त्याच कोपऱ्यापलीकडे दुसरा उभा असण्याचें भय. दारूगोळा जपावा कीं पळावें, याचा निर्णय पावलोपावलीं करावा लागतो. मूळ कर्त्यांनीं निर्माण केलेलें पात्र मूळ कर्त्यांपेक्षां पुरवणीकारांस अधिक कळलें, असें आम्ही येथें निःशंकपणें म्हणतों.

हा संग्रह निर्दय आहे, असा आक्षेप पहिल्यापासून घेतला जातो. निर्दयता हा आमच्या मतें दोष नव्हे; अन्याय हा दोष. खेळणारास ज्या मरणांत आपली चूक दिसते तें मरण त्यास शहाणें करतें. परंतु चेनगनवाले सैनिक दूरच्या उंच कट्ट्यांवर उभे करून ठेवावे, त्यांची गोळी सुटतांक्षणींच लागावी, आणि ते तेथें आहेत हें एकदां मेल्यावांचून कळूं नये, येथें बुद्धीची परीक्षा संपून स्मरणाची सुरू होते. ही युक्ति कॅसाली बंधू वरचेवर वापरतात. खेळ वाटेल तेथें जतन करून ठेवण्याची सोय मूळ यंत्रणेंत आहे, म्हणूनच तें निभावतें. ती सोय नसती तर निम्म्या पातळ्या कोणी पुऱ्या केल्या नसत्या.

‘गो टू इट’ ही शेवटची गुप्त पातळी ‘डूम २’च्या अगदीं पहिल्या पातळीच्या नकाशावर बेतलेली आहे. तेंच प्रवेशाचें दालन, तीच ओळखीची वाट. मात्र जेथें नवशिक्यासाठीं दोनचार दुबळे शिपाई होते तेथें खेळांतील सर्वांत भयंकर राक्षसांची गर्दी. हा विनोद ज्यानें मूळ खेळ मनापासून खेळला आहे त्यासच कळेल. इतरांनीं आधीं ‘डूम २’ पुरा करावा, तोहि कठीण पायरीवर, आणि मग ‘प्लूटोनिया’ उघडावा. ‘ईव्हिल्यूशन’मधील ‘वर्महोल’ तेवढी मधल्या एखाद्या संध्याकाळीं पाहून घ्यावी. डारिओ कॅसाली पुढें व्हॉल्व्ह कंपनींत गेले आणि १९९८ सालच्या ‘हाफ-लाइफ’च्या पातळ्या रचण्यांत त्यांचा हात होता.