मालकी, नाममुद्रा आणि वस्तूची बांधणी : थिंकपॅड व कायनेटिक होंडा यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयाच्या खरेदी समितीपुढे लॅपटॉपची दरपत्रके आली की एक मत हमखास ऐकू येते : आयबीएमचा थिंकपॅड लेनोव्होकडे गेला आणि त्याचा पूर्वीचा मजबूतपणा संपला. या मतात स्मरणरंजन किती आणि पुरावा किती, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. अनुदानातून एकदा घेतलेले यंत्र ग्रामीण महाविद्यालयाला अनेक वर्षे पुरवावे लागते. केवळ नावावर विसंबून केलेल्या निवडीची किंमत अखेर विद्यार्थीच मोजतो. म्हणून या लोकमताची चिकित्सा अगत्याची ठरते. येथे 'बांधणी' या संज्ञेत कवच, बिजागरी, कळफलक व दुरुस्तीची सुलभता यांचा समावेश केला आहे.

थिंकपॅड : हस्तांतरात काय गेले?

थिंकपॅड १९९२ मध्ये बाजारात आला. आयबीएमने आपला वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय लेनोव्होला विकण्याची घोषणा डिसेंबर २००४ मध्ये केली व मे २००५ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. जपानमधील यामातो येथील ज्या प्रयोगशाळेत ही यंत्रे घडत होती, तीही अभियंत्यांसह नव्या मालकाकडे आली. चीनमधील शेन्झेन येथे तर आयबीएमच्याच काळात भागीदारीतून उत्पादन होत होते. म्हणजेच कागदावरची मालकी बदलली, तरी घडविणारे हात व तपासणारे डोळे बहुतांशी तेच राहिले. २००६ च्या टी६० या प्रतिमानात मॅग्नेशियमचा अंतर्गत सांगाडा देण्यात आला. विक्रीबरोबरच बांधणी ढासळली, या मताला हे उदाहरण छेद देते.

मग तक्रारींचे मूळ कोठे? २०१२ मध्ये टी४३० व एक्स२३० या प्रतिमानांत सात ओळींचा जुना कळफलक गेला. २०१३ मध्ये टी४४० मधून लाल बिंदूसोबतची स्वतंत्र बटणे काढली गेली. नाराजीनंतर २०१५ च्या टी४५० मध्ये ती परत आली. २०१७ च्या रौप्यमहोत्सवी प्रतिमानात जुन्या धाटणीचा कळफलकही दिसला. हे बदल हस्तांतरानंतर सात-आठ वर्षांनी झाले. त्या काळात सगळ्याच कंपन्या पातळ व हलक्या यंत्रांच्या मागे लागल्या होत्या. 'नंतर घडले, म्हणून त्यामुळे घडले' हा तर्कदोष येथे स्पष्ट दिसतो.

शिवाय एका नावाखाली एकच दर्जा कधीच नव्हता. आयबीएमच्याच काळात स्वस्त 'आय' मालिकेतील काही यंत्रे एसरकडून बनवून घेतली जात. पुढे २०१० मध्ये लेनोव्होने कमी किमतीची 'एज' मालिका आणली. अशा यंत्राची तुलना जुन्या टी मालिकेशी करून मालकाला दोष देणे म्हणजे दोन वेगळ्या वस्तू एकाच तराजूत घालणे होय.

कायनेटिक होंडा : उलट बाजू

शिरपूरवरून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग ज्या इंदूर परिसराकडे जातो, तेथील पिथमपूरला कायनेटिक होंडा स्कूटर तयार होत असे. फिरोदिया कुटुंबाचा कायनेटिक उद्योग व जपानची होंडा यांची ही भागीदारी १९८४ मध्ये झाली. बटणावर सुरू होणारी, गिअर बदलावा न लागणारी ही स्कूटर महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या परिचयाची झाली. १९९८ मध्ये होंडा भागीदारीतून बाहेर पडली. कारखाना राहिला, अर्धे नावही राहिले. परंतु पुढील पिढीच्या वाहनाचे ज्ञान जेथून येत होते तो स्रोत गेला. १९९९ मध्ये होंडाने भारतात स्वतःची कंपनी स्थापन केली आणि २००१ मध्ये अॅक्टिव्हा आणली. कायनेटिकला मात्र नव्या आराखड्यांसाठी इटलीच्या इटालजेटकडे व तैवानच्या सॅनयांगकडे वळावे लागले. २००८ मध्ये तिचा दुचाकी व्यवसाय महिंद्राकडे गेला. २०२५ मध्ये 'कायनेटिक डीएक्स' हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर परतले. नाव तेच, यंत्र पूर्णपणे निराळे.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली असता असे दिसून येते, की पहिल्यात मालक बदलूनही ज्ञान टिकले. दुसऱ्यात कारखाना जागेवर असूनही ज्ञानाचा झरा दुसरीकडे वळला. बांधणीचे भवितव्य मालकाच्या नावापेक्षा या ज्ञानाच्या वाटेवर अधिक अवलंबून असते.

मर्यादा

याचा अर्थ मालकी निरर्थक आहे, असा नव्हे. कोठे काटकसर करावयाची व कोणत्या ग्राहकासाठी काय बनवावयाचे, हे मालकच ठरवितो. २०१५ मध्ये लेनोव्होच्या घरगुती वापराच्या अनेक लॅपटॉपांत 'सुपरफिश' नावाची जाहिरातप्रणाली आधीच भरलेली आढळली व सुरक्षिततेचा गंभीर प्रश्न उभा राहिला. थिंकपॅड त्यातून वगळलेले होते. मालकाच्या धोरणाचा परिणाम बिजागरीपेक्षा विश्वासावर आधी होऊ शकतो, हे त्यातून ध्यानी येते.

समारोप

'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण नावावर भाळणाऱ्यास जितकी लागू पडते, तितकीच नाव बदलले म्हणून वस्तू टाकाऊ मानणाऱ्यासही विचार करावयास लावते. कारण दोघेही हातातील वाळा पाहत नाहीत. खरेदी समितीने मालिका कोणती, बिजागरी व कळफलक बदलता येतात काय, हमी किती वर्षांची आणि सुटे भाग धुळ्यात किंवा शिरपुरात मिळतात काय, हे प्रश्न दरपत्रक मागवितानाच लेखी विचारावेत. त्यांची उत्तरे तपासता येतात; 'पूर्वीचा माल राहिला नाही' हे मत तसे तपासता येत नाही.